धार हाय ना?

इंजिनाशेजारी झोपणारा मेकॅनिक तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. भर दुपारी, पेणच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या इंजिनाच्या बाजूला फळी टाकून, एक हात उशाला आणि दुसरा इंजिनावर ठेवून रघूमिस्त्री झोपलेले असायचे. तान्ह्या पोराला थोपटता थोपटता आईच झोपून जाते ना, तसे. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझ्या नोकरीच्या गावाची होडी इंजिनावाचून धक्क्याला पडलेली, आणि हा बाबा खुशाल घोरतोय! मी पत्र्यावर थापा मारल्या, "अहो मिस्त्री" म्हणून चार हाका घातल्या. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बाई, जरा दम धरा," म्हणाले, "मी कामच करतोय."

कामच करतोय म्हणे! मी नर्स. तीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि कामावर झोपणाऱ्याला कधी सोडलं नाही. माझी जीभ कशी आहे ते आमच्या रोह्यात विचारा, आळीतली जुनी माणसं अजून सांगतील. आई म्हणायची, हिला सासर मिळालं तर बहिऱ्यांचंच मिळू दे रे देवा. पण या माणसापुढे माझी जीभ नुसती दमून जायची. भांडायला समोरचा जागा तरी हवा ना!

आता मिस्त्री नाहीत, ती शेड नाही, आणि त्या होडीची कुणाला गरजही उरलेली नाही. तरी दुपारी जेवून जरा आडवी झाले, डोळा लागायच्या आधीची ती अर्धवट घटका आली, की मला खाडी दिसते. भरतीचं सपाट पाणी, त्यावर सकाळचं धुकं, आणि धुक्यात कुठून तरी येणारा इंजिनाचा आवाज. होडी दिसत नाही, माणसं दिसत नाहीत, पिवळा ठिपका तेवढा सरकताना दिसतो. कुणी दार वाजवलं तरी मी तेव्हा उठत नाही.

माझी बदली भालखारला झाली होती. चारी बाजूंनी खाडी आणि खारफुटी, मध्ये बांध घालून राखलेली भाताची शेतं आणि थोडी घरं. रस्ता नव्हता. पेणच्या धक्क्यावरून इंजिनाची होडी अर्ध्या तासात पोचायची, वल्हवत गेलं तर दोन-अडीच तास. आणि मध्येच ओहोटी लागली तर विचारूच नका. पाणी ओसरून होडी चिखलात रुतायची, मग पुढच्या भरतीपर्यंत बसा बगळे मोजत. गावाने मिळून एक टू-स्ट्रोक इंजिन आणलं होतं. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, पंखा पाण्यात, आणि दोरी ओढून चालू करायचं. ते चालवायचे हिराजीकाका. अडलेल्या बाईला पेणच्या सरकारी दवाखान्यात न्यायला गावाला तेवढाच आधार होता.

हिराजीकाकांची सून तारा. तिचं पहिलंच बाळंतपण, आणि मूल पायाळू. मी म्हटलं, इथे नको, पेणला चला. निघालो. मधल्या खाडीत इंजिन एकदम करकरलं आणि थांबलं. काकांनी दोरी ओढली तर दोरी हलेना, आतून सगळं जाम. मग काकांनी आणि ताराच्या नवऱ्याने वल्ही घेतली, पण तोवर ओहोटी लागली होती. आम्ही रुतलो. समोर धक्का दिसत होता, धक्क्यावरची माणसंसुद्धा दिसत होती, आणि तिथेच ते लेकरू झालं. रडलं नाही. मी काय काय करून पाहिलं ते माझं मला ठाऊक. तारा एवढंच विचारत होती, "बाई, त्याचा आवाज का नाय येत?"

ते इंजिन घेऊन आम्ही रघूमिस्त्रींकडे गेलो, ती ही झोपेची दुपार. चारच्या सुमाराला ते उठले, माठातलं पाणी प्यायले, आणि पान्याला हात न लावता काकांसमोर उकिडवे बसले.

"हे ऱ्हातं कुठं? उनात का सावलीत?"

"धक्क्यावर. छपराखाली," काका म्हणाले.

"शेवटचं काय बोललं?"

"करकरलं."

"त्याच्या आदी?"

काका विचारात पडले. "त्याच्या आदी वरच्या पट्टीत वरडत होता. आनि तापला होता लय."

"आनि धार?"

"कसली धार?"

मिस्त्रींनी काकांचा हात धरला आणि इंजिनाच्या कडेच्या एका बारीक भोकावर त्यांचं बोट नेऊन ठेवलं. "हे खालनं खाडीचं पानी वर वढतं, आपलं आंग थंड करतं, आनि हितनं बाहेर टाकतं. बारीक धार पडते. तुमची नर्सबाई नाडी बघते ना, तशी ही ह्याची नाडी. धार हाय तर जीव हाय."

काकांनी मान खाली घातली. दोन वर्षं इंजिन चालवलं होतं त्यांनी, धारेकडे कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. पहिल्या दिवशी ते कधीच उघडत नसत. "पयल्या दिवशी पावना, दुसऱ्या दिवशी पेशंट," म्हणायचे. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता, त्याच्या रिंगा खाचेत रुतल्या होत्या, आणि पाणी फिरायच्या वाटा पांढऱ्या खड्यांनी गच्च भरल्या होत्या. मिस्त्रींनी चमच्याने खरवडून तो ढीग कागदावर काढला. मीठ! "खारं पानी पितं बिचारं दिसभर," ते म्हणाले, "वर कुनी गोड्या पान्याचा घोट दाखवत नाय. आपन तरी जगू का?" मग त्यांनी औषध सांगितलं. खेप झाली की इंजिन काढायचं, गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करायचं आणि दहा मिनिटं चालवायचं. रोज.

मिस्त्रींची शेड गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत होती. चहूबाजूंनी मूर्ती वाळत घातलेल्या, हवेत सदानकदा पांढरी धूळ. तीनच्या उन्हात शेडमध्ये पाहिलं की माणूस, इंजिन आणि माठ सगळंच दुधात बुडल्यासारखं दिसायचं. शेजारचे रंगारी डोळे आखायचे कुंचले झिजले की मिस्त्रींना द्यायचे. त्या चार केसांच्या कुंचल्याने मिस्त्री कार्बोरेटरची भोकं साफ करायचे, आणि करताना त्या रंगाऱ्यांसारखाच श्वास धरायचे. उरलेला रंगही तिकडूनच यायचा. त्यामुळे त्यांच्या हातून गेलेलं इंजिन कुठेही ओळखू यावं. कुणाचं सोवळ्याच्या लाल रंगाचं, कुणाचं शेल्याच्या हिरव्या. आमच्या वाट्याला पीतांबराचा पिवळा आला. "लांबनं दिसेल," म्हणाले.

काढलेले भाग ते जुन्या धोतरावर ओळीने मांडायचे आणि कुणाला ओलांडू द्यायचे नाहीत. मी एकदा चुकून ओलांडलं तर मला परत उलटं ओलांडायला लावलं! नटबोल्टांच्या बाबतीत त्यांची मतं ठाम होती. "नट पिळायचा नाय, पटवायचा. घाईनं बसलेला घाईनंच उठतो." थंडीत गावाकडचे वाल आणून शेडमागे पोपटी लावायचे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, आणि बाहेरून जाळ. गिऱ्हाइकाला इंजिनाआधी शेंगा हातात मिळायच्या. "पोपटीला पान्याचा थेंब दाखवायचा नाय, आनि इंजिनाला पानी चुकवायचं नाय. येवढं कळलं की माणूस शहाना झाला," हे वाक्य मी किमान वीस वेळा ऐकलं असेल.

पूर्वी ते रोह्याला एका कंपनीत फिटर होते. दुपारच्या शिफ्टला बंद पडलेल्या मशीनशेजारी झोपलेले सापडले आणि कायमचे घरी आले. त्याचा त्यांना राग नव्हता, हळहळ होती. "त्याचं दुखनं मला कळतच आलं होतं बाई. पाच मिंटं आनखी पायजे होती. सायबानं उठवलं."

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, होड्यांची इंजिनं बरी करणारा हा माणूस जन्मात होडीत बसला नव्हता. त्यांचं गाव रोह्याच्या आतल्या अंगाला, डोंगराखाली. "आमी भातातली मानसं," म्हणायचे, "आमचं पानी घोट्यायेवढं. ज्याचा तळ दिसत नाय त्यात मी पाय घालत नाय." मी खूप चिडवायचे. म्हटलं, घोड्याचा डॉक्टर आणि टांग्यात बसायला घाबरतो! ते हसायचे आणि कुंचला कानावर खोचून पुन्हा भोकात फुंकर मारायचे.

पिवळं इंजिन वर्षभर गुणी पोरासारखं चाललं. हिराजीकाकांनी पिंप धक्क्यावर आणून ठेवलं आणि मिस्त्रींचा शब्द पाळला. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला धारेकडे बघायची सवय लागली. बाजाराला निघालेल्या बायका आधी वाकून बघायच्या आणि मग पदर सावरून बसायच्या.

तारा पुन्हा गरोदर राहिली. घरात कुणी त्याबद्दल फार बोलत नव्हतं. ती रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन काका पिंपात इंजिन चालवायचे ते बघत उभी राहायची, धार पडायला लागली की घरी जायची. मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी कळ आली की लगेच पेण. काही झालं तरी या पोरीला चिखलात बाळंत होऊ द्यायची नाही.

आणि वैशाखात, तिला आठवा संपत आलेला असताना, इंजिन पुन्हा बंद पडलं. मी लसींचा डबा घेऊन परत येत होते. तीच जागा, तीच करकर. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. दोघांनाही एकच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर इंजिन घेऊन पेणला गेले आणि भर आळीत मिस्त्रींना फाडून खाल्लं. "झोपा काढा तुम्ही, झोपा! तुमच्या हातचं इंजिन वर्षात मेलं. एक लेकरू गेलंय तिचं, आता दुसरं घालवा!" समोरच्या कारखान्यातले रंगारी कुंचले धरून तसेच थांबले. मिस्त्री उठले. धोतर अंथरलं आणि, कधी नव्हे ते, पहिल्याच दिवशी इंजिन उघडलं.

पुन्हा मीठ. मागच्यापेक्षा जास्त.

"रोज पानी दावता?"

काकांनी गळ्याला हात लावला. "रोज. एक दिस चुकलो नाय. सूनबाईला इचारा."

ते खरं होतं, मी साक्षीला होते. गोडं पाणी रोज दाखवूनही मीठ येतंय कुठून? मिस्त्री इंजिनाशेजारी आडवे झाले, हात ठेवला, डोळे मिटले. मी बाहेर स्टुलावर बसून राहिले. चार वाजता आत डोकावले तर डोळे सताड उघडे, पत्र्याकडे लागलेले.

"झोप आली नाय," ते म्हणाले.

त्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं आणि मी ताराचे उरलेले दिवस बोटांवर मोजायला लागले.

आठ दिवसांत त्यांनी इंजिन नवं केलं. पिस्टन नवा, रिंगा नव्या, सिलिंडर घासून गुळगुळीत, मिठाच्या वाटा कुंचल्याने धुऊन मोकळ्या. त्यांच्या पिंपात, त्यांच्या विहिरीच्या पाण्यात ते असं चाललं की ऐकत बसावं. मी न्यायला गेले तर म्हणतात कसे, "तयार हाय. देनार नाय."

"का?"

"कारन कळल्याबिगर दिलं तर परत मरंल. ह्या येळेला त्या पोरीला घिऊन मरंल."

"मग शोधा की कारण!"

"कारन हितं नाय बाई." त्यांनी खाडीच्या दिशेला हात केला. "तिकडं हाय."

"मग चला तिकडे."

त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला. मग पन्नाशीचा तो माणूस सरळ म्हणाला, "मला भ्या वाटतं." भ्यायलेल्या बायका मी रोज बघत होते. भ्यालोय असं तोंडाने म्हणणारा पुरुष पहिल्यांदा बघितला.

दुसऱ्या दिवशी भरतीला मी आणि हिराजीकाका पेणच्या धक्क्यावर आलो तर मिस्त्री आधीच हजर. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्याला हत्यारांची पिशवी, पायाशी पिवळं इंजिन. ते लावूही दिलं नाही. "कारन कळेस्तवर ह्याला खारं पाजायचं नाय. वल्हवत चला." म्हणजे अडीच तास! होडीच्या तळाशी ते आडवे झाले, इंजिनाला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि डोळे मिटले. झोपलेत असं वाटलं असतं, पण ओठ सारखे हलत होते. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं. वल्ह्यांचा तेवढा आवाज.

भालखारला उतरून ते आधी जमिनीवर चांगले बसले. मग म्हणाले, "रोज काय करता ते दावा."

काका आम्हाला उन्हात उघड्या पडलेल्या पिंपाकडे घेऊन गेले. पिंप अर्ध्याला भरलेलं, आणि आतल्या कडेला पांढरी रेघ. मिस्त्रींनी रेघेवरून बोट फिरवलं. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग मला म्हणाले, "बाई, घ्या." मी चाखलं आणि थुंकले. खाडीपेक्षा खारट!

आमच्या भागात मीठ कसं पिकतं हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पाणी अडवायचं, ऊन खाऊ द्यायचं, आटलं की वर नवं सोडायचं. इंजिन रोज अंगाला खाडी घेऊन त्या पिंपात उतरत होतं, पाणी उन्हात आटत होतं, आणि काका इमानेइतबारे वरून भर घालत होते.

"काका, हे पिंप नाय. मिठागर हाय," मिस्त्री हळूच म्हणाले. "पानी बदललं कवा?"

"शिमग्यापासून नाय."

"का?"

काका पिंपाची कड पुसायला लागले. पाण्याचा हंडा घेऊन चाललेली तारा तिथेच थांबली होती. दोघंही माझ्याकडे बघायचं टाळत होते. आणि मग मला आठवलं.

त्या वर्षी तळं लवकर आटलं होतं. नळ बांधाच्या टोकाला, पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. पोरांना जुलाब लागले होते आणि मी गावभर ओरडत फिरत होते, पाणी जपा, पाणी जपा. धक्क्यावर आले तर काका पिंप ओतून नवं पाणी भरत होते. माझं डोकं सणकलं. "पोरांना प्यायला नाही आणि इंजिनाला अंघोळी? तेच पाणी वापरा, कमी झालं तर वर थोडं घाला!" सरकारी बाईचा हुकूम. काकांनी तो पाळला. आळीत माझं ओरडणं काकांनी उभं राहून ऐकलं होतं, मिस्त्रींनीही ऐकलं होतं, आणि काकांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. त्या दिवशी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मिस्त्री पिंपाजवळ उकिडवे बसले. मला वाटलं आता माझी सगळी परतफेड होणार, आणि व्हायलाच हवी होती. ते म्हणाले, "तुमी पोरांसाठी पानी राखलंत. ते काय वाईट केलं? चूक माजी हाय. गोडं पानी दाखवा म्हनालो, बदला म्हनालो नाय. माज्या दारात हीर हाय ना बाई. पानी बदलायचं हे बी कुनाला सांगाय लागतं, हे माज्या ध्यानातच आलं नाय."

पिंप आडवं करून खाडीत रिकामं केलं. आणि मग ते रिकामं पिंप आणि आम्ही. नव्या पाण्याचं नाव कोण काढणार? पाणी जपा म्हणत फिरलेली तर मीच. ताराने डोक्यावरचा हंडा उतरवला. बांधाच्या टोकापासून, नववा लागलेलं पोट घेऊन आणलेला हंडा. तिने तो पिंपात ओतला.

"अगो, घरात काय पिशील?" काका म्हणाले.

"मी तहानेली ऱ्हाईन एक दिस," ती म्हणाली. "ह्यो नको ऱ्हायला."

मग शेजारच्या घरातून एकजण आली, मग दुसरी. कुणी हंडा, कुणी कळशी. मी घरी गेले आणि माझा माठ उचलून आणला. त्या दिवसापासून भालखारात रोज एका घरचा हंडा इंजिनाचा ठरला, आणि पिंप दर आठवड्याला रिकामं होऊ लागलं. मी ते ठरवलं नाही. बायकांनी ठरवलं.

तोवर ओहोटी लागून होडी चिखलात बसली होती, म्हणून मिस्त्रींना मुक्काम पडला. सकाळी भरतीला ते परत निघायच्या तयारीत असतानाच हिराजीकाका धावत आले. ताराला कळा सुरू झाल्या होत्या, आणि भरती फिरायला लागली होती. वल्हवत गेलो तर पुन्हा तोच चिखल. इंजिन लावलं. काकांनी दोरी ओढली, एकाच ओढीत ते बोललं.

मिस्त्री होडीत चढले आणि इंजिनाशेजारी बसले. हात त्यावर ठेवला. अर्ध्यापेक्षा जास्त वेग घेऊ देईनात. "नवा पिस्टन हाय, आज पळवायचं नाय."

"अहो, पाणी ओसरतंय! जोरात घ्या!" मी ओरडले.

"बाई, तुमची पेशंट तुमी बघा. माजा मी बघतो."

त्या दिवशीही धुकं होतं. काठ दिसत नव्हते, पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. ताराचं डोकं माझ्या मांडीवर, आणि तिची नजर माझ्या तोंडाकडे नाही, इंजिनाकडे. त्या मधल्या जागी पाणी उथळ झालं होतं, पंख्याने चिखल उसळला. मी बघत होते. धार बारीक झाली, तुटली, आणि थांबली.

"मिस्त्री," तारा म्हणाली, "धार हाय ना?"

"हाय गो बाय. हाय."

धादांत खोटं! एवढं बोलून ते होडीच्या मागच्या कडेवर पालथे झाले. कंबरेपासून वरचा सगळा देह त्या तळ न दिसणाऱ्या पाण्यावर. काकांनी एका हाताने त्यांचा सदरा धरला, इंजिन हळू केलं. मिस्त्रींनी होडीतल्या खराट्याची एक काडी मोडून धारेच्या भोकात घातली, फिरवली, काढली, पुन्हा घातली. त्यांचे पाय माझ्या समोर होते, बोटं फळीच्या खाचेत रुतवलेली. मग भोकातून काळं पाणी उडालं त्यांच्या तोंडावर, मागोमाग गढूळ, आणि मग स्वच्छ, सुतासारखी धार. ते उठून बसले. तोंड पुसलं नाही. "हाय," म्हणाले, या वेळी खरं.

दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. तिने जो गळा काढला, तो ऐकून शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. मी सांगायला धक्क्यावर पळत गेले. होडी पाणी ओसरल्यामुळे तिरकी झाली होती आणि तिच्यात रघूमिस्त्री इंजिनावर हात ठेवून गाढ झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कामावर झोपलेल्या माणसाशेजारी मी मुकाट बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"पोरगी ना?" म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"झोपेत कळलं."

पुढे माझ्या बदल्या होत गेल्या. भालखारला बांधावरून रस्ता झाला, टमटम जायला लागली. ताराची जाई मोठी झाली आणि तिच्या हळदीला मला बोलावणं आलं. मी टमटमने गेले, सगळेच तसे आले. अंगणात मांडव, बायकांची गाणी, जाई पाटावर हळदीने माखलेली. हिराजीकाका थकले होते, पण सकाळीच मुलाला घेऊन होडीने कुठे तरी गेले होते. विचारलं तर तारा नुसती हसली.

चारच्या सुमाराला खाडीवरून आवाज आला. मला तो आवाज हजारात ओळखू येतो. पाटावरची जाई उठली आणि तशीच पळाली, तिच्यामागे तारा, त्यांच्यामागे सगळ्या बायका, आणि दुखरे गुडघे घेऊन मी. बांधावर उभ्या राहिलो. उन्हात पाणी सगळं पांढरं झालं होतं. त्यातून आधी पिवळा ठिपका दिसला, मग होडी. रस्ता असताना, दारापर्यंत टमटम येत असताना, रघूमिस्त्री होडीने येत होते. केस पार पांढरे. एक हात इंजिनावर, आणि दुसऱ्या हाताने मांडीवर एक कॅन घट्ट धरलेला. त्यात काय होतं ते मागाहून कळलं. त्यांच्या विहिरीचं पाणी होतं, जाईला आहेर म्हणून, इंजिनाच्या पिंपात घालायला. डोळे मात्र घट्ट मिटलेले. जन्मभराची भीती काही गेली नव्हती, ती घेऊनच आले होते.

काठ जवळ आला तसा त्यांनी मिटल्या डोळ्यांनी मोठ्याने विचारलं, "धार हाय ना?"

आणि बांधावरून जाई, तारा, आम्ही सगळ्या बायका एकदम ओरडलो, "हाय, मिस्त्री, हाय!"